पोचवायला आलेल्यांनी उतरावं

थोरलीवर चहा प्यायचा म्हणजे कप पाऊणच भरायचा, हे भोंगाला कळायला लागल्यापासून ठाऊक होतं. काठोकाठ भरला की डाव्या कडेवरून चहा हळूच बशीत उतरायचा. टेबलावर पेन्सिल ठेवली की ती रमतगमत डावीकडे निघायची. ताटातले वाटाणे डाव्या बाजूला जमून कुजबुजत बसायचे, आणि पहिल्यांदा आलेले प्रवासी ते एकमेकांना हसून दाखवायचे. बंदर असो की भर समुद्र, वारा असो वा नसो, जहाज डावीकडे किंचित कललेलंच. एखादं माणूस बोलताना मान तिरकी करतं ना, तसं. भोंगाला ती थोरलीची लकब वाटायची, दोष नव्हे.

थोरली म्हणजे जहाज. तिचं कागदोपत्री नाव नाकावर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं, पण कंपनीच्या बाकीच्या जहाजांपेक्षा ती वयाने एवढी मोठी की सगळे तिला थोरलीच म्हणायचे. आणि भोंगा म्हणजे मुलगी. तिचे बाबा थोरलीवर सारंग होते, म्हणजे डेकवरच्या सगळ्या खलाशांचे मुकादम. दोर, शिड्या, रंगरंगोटी, नांगर सगळं त्यांच्याकडे. आईची सख्खी धाकटी बहीण, मावशी, त्याच जहाजावर करमणूकप्रमुख. नाच, खेळ, स्पर्धा, लाऊडस्पीकर तिच्या ताब्यात. शाळेला सुट्टी लागली की भोंगाची रवानगी थोरलीवर व्हायची. आई घरी राहायची आणि थोरलीला सरळ सवत म्हणायची. बाबा त्यावर फक्त मिशीत हसायचे, आणि आईचा संशय पक्का व्हायचा.

भोंगा हे नाव मात्र ताजं होतं. गेल्या वर्षापर्यंत तिचा आवाज एवढा बारीक होता की वर्गात हजेरीला ती "हजर" म्हणायची आणि बाई गैरहजर मांडायच्या. मग शाळेच्या नाटकात निवेदकाला ऐन वेळी कांजिण्या आल्या, पाठांतर चांगलं म्हणून हिला ढकललं, आणि घाबरून डोळे मिटून हिने पहिलं वाक्य असं काही फेकलं की फाटकावरचा शिपाई खुर्चीतून उठून उभा राहिला. त्या दिवसापासून तिला आवाज सापडला, आणि सापडल्यावर ती तो खाली ठेवायलाच तयार नव्हती. बाबांनी नाव ठेवलं भोंगा. मावशीने संधी साधून सकाळच्या सूचना तिच्याकडे सोपवल्या.

काय तो थाट. रोज नाश्त्याच्या वेळी थोरलीच्या सगळ्या मजल्यांवर तिचा आवाज घुमायचा. हवा छान आहे, समुद्र शहाण्यासारखा वागतोय, पोहण्याच्या तलावात उडी मारणाऱ्या आजोबांनी कृपया टोपी काढून उडी मारावी. प्रवासी हसायचे, जिन्यात थांबवून तिचं कौतुक करायचे. आरशासमोर उभं राहून ती स्वतःशीच म्हणायची, बाई गं, काय आवाज आहे तुझा.

पण या फेरीत बाबा हसत नव्हते.

पहिल्या दुपारी ते डाव्या कठड्याला रंग लावत बसले होते. भोंगा डबा धरून शेजारी. बाबांनी ब्रश थांबवला आणि सांगून टाकलं, की थोरलीचं कलणं वाढलंय. ही फेरी संपली की तपासणीसाहेब येणार. कल गेला तर परवाना, नाहीतर प्रवासी घ्यायला बंदी. आणि प्रवासी नाहीत म्हटल्यावर एवढ्या जुन्या जहाजाला कोण पोसणार? सरळ तोडायला जाईल.

"तोडायला म्हणजे?"

"किनाऱ्यावर चढवतात. मग पत्रा पत्रा सुटा करतात." बाबांनी ब्रश पुन्हा डब्यात बुडवला. "आपण बघायला जायचं नाही."

आवाज अगदी साधा होता. भोंगाने हातातला डबा खाली ठेवला. बाबांना दुसरं जहाज मिळालं असतं, मावशीलाही. पण ती चालायला शिकली ती याच डेकवर. तिरक्या डेकवर शिकली म्हणून घरी गेल्यावर सरळ जमिनीवर धडपडली होती. ही गोष्ट आई येईल त्या पाहुण्याला सांगायची.

इंजिनवाल्या साहेबांनी आपल्या परीने सगळं करून पाहिलं होतं. डावीकडच्या टाक्या रिकाम्या केल्या, उजवीकडच्या भरल्या. जड सामान हलवलं. शेवटी नाचाच्या दालनातला पियानोसुद्धा उजव्या भिंतीला नेला. पियानो ठेवला तेव्हा थोरली क्षणभर विचारात पडल्यासारखी सरळ झाली, आणि पुन्हा मान तिरकी करून बसली. साहेब म्हणाले, गणितात हे वजन कुठेच नाही. आणि वजन तर आहे.

"आणि हा कठडा बघ," बाबा म्हणाले. "उजवीकडचा रंग वर्षभर टिकतो. इथे दर फेरीला लावतो, दर फेरीला उडतो. कोपरं टेकून टेकून झिजल्यासारखा. पण इकडे टेकतंय कोण?"

खरंच कोण टेकणार? तलाव उजवीकडे, आरामखुर्च्या उजवीकडे, सरबताची खिडकी उजवीकडे. डावी बाजू दिवसभर ओस असायची. भोंगाने कठड्यावरून हात फिरवला. लाकूड गुळगुळीत होतं आणि कोमट होतं. ऊन तर पलीकडच्या बाजूला होतं.

दुसऱ्या दिवशी तिला ते काका भेटले.

ती सूचना देऊन डाव्या डेकने धावत येत होती. कठड्यापाशी एक गृहस्थ उभे होते. कडक इस्त्रीचा कोट, चकचकीत बूट, हातात घडी केलेला पांढरा रुमाल. सुट्टीवर आलेली माणसं चड्ड्या आणि टोप्या घालून हिंडत असताना हे असे लग्नाला निघाल्यासारखे. त्यांच्या कपड्यांना ताज्या इस्त्रीचा वास येत होता, गरम आणि स्वच्छ. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि अगदी आपुलकीने विचारलं,

"सुटायला अजून वेळ आहे ना?"

भोंगाला वाटलं, चेष्टा करतायत. "अहो काका, कालच सुटली की. बघा, जमीन तरी दिसतेय का कुठे."

काका खळखळून हसले. "म्हणजे उतरायला हवं," म्हणाले, आणि तिला मान लववून दारातून आत गेले. हीसुद्धा हसत हसत पुढे गेली. ते दार रंगाच्या थरांनी चिकटून बंद झालेलं आहे आणि वर्षानुवर्षं कोणी उघडलेलं नाही, हे तिला जेवताना वाटाण्यांकडे बघता बघता आठवलं. तिने काटा खाली ठेवला. मग स्वतःला समजावलं की दुसरं दार असेल. जहाजावर दारं काय कमी असतात?

त्यानंतर प्रवाशांचं कौतुक सुरू झालं.

आधी एक नवं जोडपं मावशीला शोधत आलं. त्यांच्या केबिनमध्ये एक बाई येऊन गेल्या म्हणे, किती प्रेमळ. गादी हाताने दाबून पाहिली, खिडकी घट्ट आहे ना बघितलं, बॅग नीट लावून दिली आणि शाल सगळ्यात वर ठेवली, हाताला लागेल अशी. जाताना दोघांच्या गालांवरून हात फिरवून म्हणाल्या, पोचलात की कळवा. अशी घरगुती सेवा कुठल्याच जहाजावर नाही, असं जोडप्याचं म्हणणं. मग एका म्हाताऱ्या मास्तरांना कोणीतरी वेळेवर जेवायला बजावलं. एका लहान मुलीला कोणीतरी कडेवर घेऊन पापे घेतले आणि तिच्या कानात सांगितलं की रडायचं नाही हं, आपण लवकर भेटू. पोरगी मुळीच रडत नव्हती. पण तिला ते फार आवडलं, आणि ती रोज डाव्या डेकवर जायचा हट्ट करायला लागली.

मावशीने हे श्रेय अगदी नाइलाज झाल्यासारखं स्वीकारलं. संध्याकाळी तिने साफसफाईच्या मुलींना बोलावून शाबासकी दिली आणि विचारलं, शालीची कल्पना कोणाची. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणाचीच नव्हती. मावशी परत आली ती गप्प. मावशी गप्प बसते हीच मुळात जहाजावर बातमी होती.

"तक्रार तर नाही ना कोणाची," ती म्हणाली. "उलट सगळे खूश आहेत." मग बांगड्या उगाचच मागेपुढे करत बसली.

सगळे खूश होते हे अगदी खरं. एवढी हसरी फेरी भोंगाने पाहिली नव्हती. अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. रुसलेल्या सुना सासवांना हात धरून जिने चढवत होत्या. नाचाच्या दालनात गर्दी अशी उसळायची की पियानोवाल्याला घाम यायचा, आणि गाणं संपलं की टाळ्या नाचणाऱ्यांच्या मानाने जरा जास्तच वाजायच्या. जास्तीच्या टाळ्या डावीकडून यायच्या. तिथे फक्त काचा होत्या. सकाळी साफसफाईच्या मुली त्या काचा पुसायच्या तेव्हा त्यांवर श्वासाचे गोल गोल ठसे असायचे, लहान मुलं बसच्या खिडकीला तोंड लावून करतात तसे. शेजारीशेजारी, भिंतभर.

भोंगाला भीती वाटायला हवी होती. वाटलीही, पण जत्रेतल्या मोठ्या पाळण्यात वाटते तेवढीच, ओरडून पुन्हा बसावंसं वाटायला लावणारी. तिने ठरवलं, विचारायचं. आवाज मिळालाय तो काय फक्त टोप्यांच्या सूचना द्यायला?

तिने वाढपीकाकांना गाठलं. जहाजावर थोरलीच्या खालोखाल जुने तेच. जेवणाच्या दालनात वाढताना ते प्रत्येकाला थोडं खोटं सांगायचे, म्हणजे काल या टेबलावर कोण बसून गेलं वगैरे, आणि लोक त्यावर खूश होऊन दुसऱ्यांदा गोड मागायचे. आत्ता ते चमचे पुसत होते. भोंगाने कोटवाल्या काकांचं सांगितलं. वाढपीकाकांचा हात थांबला नाही, पण तोच तोच चमचा ते पुसत राहिले.

मग त्यांनी थोरलीच्या तरुणपणाचं सांगायला घेतलं. तेव्हा ती फिरायला नेणारी नव्हती, पोचवणारी होती. या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर. नोकरीला निघालेली पोरं, नवऱ्याकडे निघालेल्या नव्या नवऱ्या, शिकायला निघालेले, कायमचे निघालेले. जिथे आता नाच चालतो तिथे एकावर एक फळ्या होत्या झोपायला, आणि तलाव आहे तिथे माल. आणि एक माणूस निघाला की पोचवायला अख्खं घर यायचं. धक्क्यावर थांबून कोणाचं मन भरतंय? सगळे वर चढायचे. गाद्या दाबून बघायचे, बॅगा नीट लावायचे, रडायचे, हसायचे, सूचना द्यायचे. मग सुटायच्या आधी टोल पडायचा आणि पुकारा व्हायचा. पोचवायला आलेल्यांनी उतरावं, जाणाऱ्यांनी राहावं. तो टोल पडल्याशिवाय कोणी हलायचं नाही. खरं तर त्याच टोलाची सगळ्यांना धास्ती. मग ते शिडीवरून उतरायचे आणि रुमाल हलवत बसायचे.

पुढे विमानं आली. थोरली रिकामी रिकामी जायला लागली. शेवटच्या फेरीला मात्र एवढी गर्दी झाली की धक्का दिसेना, लोक जहाजालाही पोचवायला आले होते. आणि त्याच दिवशी वादळाची वर्दी आली. घाईघाईत दोर सोडले.

"टोल पडलाच नाही," वाढपीकाका म्हणाले. "माझ्याकडेच काम होतं ते. मला नांगराकडे पिटाळलं."

"मग ते सगळे?"

"उतरले असतील की. नंतर कोणी कोणाला शोधत आलं नाही." त्यांनी चमचा उजेडात धरला. "उतरलेच असतील. पण उतरा असं त्यांना कोणी म्हणालं नाही, एवढं खरं."

पलीकडच्या किनाऱ्यावरून थोरली परस्पर कारखान्यात गेली. पांढरी झाली, तलाव आला, नाच आला. चढायची नवी दारं उजवीकडे पाडली, म्हणून तेव्हापासून धक्क्याला उजवी बाजूच लागते. डाव्या बाजूने नंतर जमीन पाहिलीच नाही.

भोंगाने न विचारताही ते म्हणाले, "त्या दिवशी डावी लागली होती."

परतीच्या वाटेवर वाऱ्याने चांगली साथ दिली, सूचनांत ती तसं म्हणालीही, पण मन सगळं तपासणीसाहेबांकडे, आणि डावी बाजू धक्क्याला लागणार कशी याच्याकडे. आणि गंमत अशी की मार्ग साहेबांनीच काढला. त्यांचा निरोप आला, जहाज डावीकडे कलतंय ना, मग डावी बाजूच धक्क्याला लावा, मला जवळून बघायचीय. प्रवाशांना आधी पलीकडच्या धक्क्यावर उतरवून मग जहाज फिरवून लावायचं.

भोंगाला आनंदाने नाचावंसं वाटलं. ती बाबांकडे गेली आणि डावीकडचं चिकटलेलं दार उघडून शिडी लावायला सांगितलं. बाबांनी कारण विचारलं. तिने सांगितलं, सगळं, एका दमात. बाबा ऐकत राहिले. वेडी म्हणतील, असं वाटून तिने तोंड वाकडं करून तयारी ठेवली होती.

"कोट घातलेले?" बाबांनी विचारलं. "रुमालवाले?"

"तुम्ही पाहिलंय त्यांना."

बाबांनी पेटीतून छिन्नी आणि हातोडी काढली आणि दाराच्या कडेने रंगाचे थर तोडायला सुरुवात केली. पांढऱ्याखाली पिवळा निघाला, पिवळ्याखाली काळा. दार उघडलं तेव्हा आतून इस्त्रीचा वास आला.

सकाळचं लख्ख ऊन होतं. प्रवासी मिठ्या मारून, पत्ते देऊन उतरून गेले होते. थोरली डाव्या अंगाने धक्क्याला टेकली, बाबांनी स्वतः दोर खुंटांना घातले आणि शिडी खाली सोडली. तपासणीसाहेब दूर फाटकापाशी गाडीतून उतरत होते. मावशीने लाऊडस्पीकर चालू करून दिला आणि काही विचारलं नाही. टोल जेवणाच्या दालनात शोभेसाठी टांगलेला होता, शाळेत असते तशी जाड पितळी थाळी. तिचा लाकडी ठोका कधीच हरवला होता. वाढपीकाकांनी स्वयंपाकघरातून सगळ्यात मोठा डाव आणला. आणि कोणी मागायच्या आत आपणच टोल दिला. एकदा. मग जरा थांबून पुन्हा.

आवाज सगळ्या मजल्यांवरून फिरून आला.

भोंगाने डोळे मिटले नाहीत. आता त्याची गरज नव्हती. छाती भरून तिने पुकारा केला.

"पोचवायला आलेल्यांनी उतरावं. जाणाऱ्यांनी राहावं. थांबलात, सगळं नीट पाहिलंत, फार बरं झालं. आता उतरावं."

मग ती धावत शिडीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

आधी काहीच झालं नाही. कावळे ओरडत होते. धक्क्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं.

मग रिकामी शिडी हलली.

माणसं उतरताना हलते तशी, पावलापावलाला. बाबांचा हात शिडीच्या दोरावर होता, आणि दोर त्यांच्या मुठीत थरथरत होता. इस्त्रीच्या वासाची एक ऊब भोंगाच्या अंगावरून गेली, मग दुसरी, मग एकामागून एक, लग्नघरातून पंगत उठते तशी. रेशमाची सळसळ. कोणीतरी नाक ओढलं. कोणीतरी हसलं. एका थंड, मऊ हाताने तिच्या गालावरून बोटं फिरवली.

आणि भोंगा गुणी मुलगी. दाराशी उभं राहून पाहुण्यांना निरोप द्यायचा तर कसा द्यायचा, हे तिच्या अंगात मुरलेलं. तोंडातून आपोआप निघत गेलं.

"या हं. या. पुन्हा या. घरी या एकदा, नक्की या."

आणि हवेतून, अगदी कानाशी, जुन्या चालीतली उत्तरं येत राहिली. येतो हं. येते गं बाळा. येऊ, येऊ. येतो.

जाताना जातो म्हणायचं नाही. ती माणसं तेवढी रीतीची होतीच.

सगळ्यात शेवटी कोटवाले काका आले. ते दिसले. उन्हात त्यांच्या बुटांवर चमक होती. शिडीवर एक पाय ठेवून ते वळले.

"तू कोणाला पोचवायला आली होतीस?"

"मी? कोणालाच नाही. मी इथलीच."

"म्हणजे तुला पोचवायला कोणी नाही आलं?" त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी हळहळ होती. "असं कसं."

त्यांना बरं वाटावं म्हणून भोंगा हसली. "मग तुम्हीच या की माझ्या वेळेला."

"येतो," काका म्हणाले. घड्याळ पाहिलं आणि उतरून गेले. धक्क्यावर पाय टेकल्यावर ते तिला दिसले नाहीत.

"दोर," बाबा ओरडले.

दोर ताठ झाले होते, तारेसारखे. खुंटांवर करकरत होते. थोरली वर येत होती. खलाशी धावले, दोर सैल करत गेले, आणि ती उठत गेली, सावकाश, अवघडून बसलेली बाई अंग मोकळं करत उठते तशी. पाण्याच्या रेषेखालचा लाल पट्टा शेवाळासकट वर आला, हातभर, निथळत. आणि मान सरळ झाली.

तपासणीसाहेबांनी सरळपणा मोजायची नळी ठेवली, तिच्यातला बुडबुडा मधोमध. पुन्हा ठेवली, पुन्हा मधोमध. त्यांनी जरा रागानेच विचारलं की कशासाठी बोलावलं होतं मला. इंजिनवाले साहेब म्हणाले की पियानो हलवला होता.

त्या दिवशी थोरलीवर काय धमाल झाली म्हणून सांगावं. वाढपीकाकांनी सगळ्यांना काठोकाठ चहा दिला, अगदी कपाच्या ओठापर्यंत, आणि एक थेंब बशीत उतरला नाही. मावशी रडली आणि लगेच नाचली. बाबांनी रंगाचा डबा झाकण लावून ठेवला. भोंगाने टेबलावर पेन्सिल ठेवली. पेन्सिल जिथल्या तिथे. ती अर्धा दिवस नुसती त्या पेन्सिलकडे बघून हसत होती.

शाळा सुरू झाली. भोंगाने वर्गात एवढं सांगितलं की बाईंनी तिला दोन बाक मागे बसवलं, आवाज तरीही फळ्यापर्यंत यायचा तो यायचाच. थोरली पुन्हा फेऱ्या मारायला लागली. एका रविवारी दुपारी बाबांचा फोन आला. कठड्याचा रंग टिकलाय, पण जहाज जरा सुनं सुनं वाटतं, म्हणाले. आई आतून ओरडली की सवतीला माझा नमस्कार सांगा. भोंगा तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात, बैठकीच्या टेबलाशी भूमितीची आकृती काढत होती. हसता हसता तिने पेन्सिल खाली ठेवली.

पेन्सिल डावीकडे निघाली. रमतगमत.

डावीकडे दार होतं. बंद.

तिने पेन्सिल उचलून पुन्हा मधोमध ठेवली. ती पुन्हा निघाली. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, साधा, जरा वैतागलेला.

"अगं, ही बॅग कधी भरून ठेवलीस? शालसुद्धा वर घातलीयस, हाताला लागेल अशी. कुठे निघालीस?"

भोंगाने उत्तर द्यायला तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

पेन्सिल टेबलाच्या दाराकडच्या कडेला येऊन थांबली. खोलीभर ताज्या इस्त्रीचा वास होता, गरम आणि स्वच्छ.